आठ खोडून पाच

आमच्या सासूबाई ८४ वर्षांच्या. त्यांना मी इथल्या, इंग्लंडच्या रीतीप्रमाणे नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहायला बसलं की ते नाव काही हातून उतरत नाही, म्हणून इथे त्या सासूबाईच राहतील. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात बसून बसून जीव आंबला, तेव्हा एक दिवस मला म्हणाल्या, "तू दिवसभर कॉम्प्युटरपुढेच असतेस, तर माझ्या आजीची आई कोण होती तेवढं बघून दे."

त्या तेवढ्याला दीड वर्ष लागलं.

आजी त्यांना चांगली आठवते. सफोकमधल्या खेड्यात राहायची, कमी बोलायची, शिवणकामात हात सफाईचा. तिचे वडील सुतार होते. आईबद्दल ती फारसं काही सांगत नसे. एक गोष्ट मात्र दर नाताळात निघायची : आजीची सगळ्यात मोठी बहीण आईला आई म्हणायचीच नाही, "आंट" म्हणायची. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि दर वर्षी सगळे हसायचे. मीही हसले, वहीत लिहून घेतलं, खाली एक रेघ मारली आणि विसरून गेले.

इंग्लंडमध्ये पूर्वज शोधायचे तर दोन दप्तरं हाताशी लागतात. एक खानेसुमारीचं, दुसरं लग्नांचं. शिरगणती १८०१ पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण पहिल्या चार खेपांना सरकारला डोकी मोजायची होती, नावांशी त्याला कर्तव्य नव्हतं. घरातल्या प्रत्येकाचं नाव देशभर लिहिलं गेलं ते १८४१ साली. त्यातही पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली, म्हणजे चौतीस वर्षांचा माणूस तीसचा आणि एकोणतीसची बाई पंचविशीची. १८५१ पासून मात्र कागदाला तोंड फुटतं. कुटुंबप्रमुखाशी नातं काय, लग्न झालंय का, वय किती, जन्म कुठल्या गावचा, सगळं एका ओळीत. जन्म, मृत्यू आणि लग्नं १ जुलै १८३७ पासून सरकारदरबारी नोंदलेली. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, काही ठिकाणी थेट १५३८ पर्यंत मागे जाणारं.

अलीकडच्या टोकाला मात्र मोठं भगदाड आहे. १९३१ चे कागद १९४२ च्या डिसेंबरात जळाले. युद्ध चालू होतं, पण ही आग बॉम्बची नव्हती. १९४१ ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. त्यामुळे १९४१ ला जन्मलेल्या सासूबाई जनगणनेत पहिल्यांदा दिसतील त्या १९५१ च्या, आणि शंभर वर्षांच्या नियमाने ते कागद खुले व्हायचे २०५२ उजाडल्यावर. "मग थांबते मी," त्या म्हणाल्या.

पहिले काही आठवडे मी नुसती भाषा शिकत होते. सफोकच्या पानापानावर पुरुषांच्या नावापुढे "ॲग लॅब" लिहिलेलं. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यात एवढ्या प्रयोगशाळा कसल्या, असं मी नवऱ्याला खरंच विचारलं. त्याने दोन दिवस ते सगळ्यांना सांगितलं. ॲग लॅब म्हणजे ॲग्रिकल्चरल लेबरर, शेतमजूर. प्रगणकाला शेकडो वेळा लिहायचं असल्यावर तो तरी काय करणार.

आजीचा जन्मदाखला सहज मिळाला. १८७९ चा. वडील सुतार, आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव. आता या दोघांचं लग्न शोधायचं. लग्नांची सरकारी सूची तिमाहीवार असते : नाव, जिल्हा, खंड आणि पानाचा आकडा. १९१२ पूर्वीच्या सूचीत कुणाचं लग्न कुणाशी हे दिलेलंच नाही. एका पानावर साधारण दोन लग्नं, म्हणजे दोन नवरे आणि दोन नवऱ्या. कोण कुणाची हे आपण ताडायचं. सफोकच्या नोंदी "४ए" या खंडात. तिथे १८६२ साली आमचे सुतार सापडले आणि त्याच पानावर त्याच माहेरच्या आडनावाची मुलगी. फक्त पहिलं नाव वेगळं.

इथे मी अडायला हवं होतं. अडले नाही, आणि त्याचं कारण सांगताना आता मला लाज वाटते. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं, तेराव्याला आलेल्या तिच्या भावाकडून. तो सारखा कुणा वेगळ्याच बाईबद्दल बोलत होता, आणि जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की ती बाई म्हणजे आपली आजी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं नाव माहेरच्या उंबऱ्याच्या आत राहिलं. एका बाईला दोन नावं, यात मला वावगं वाटावं असं काहीच नव्हतं. इंग्लंडात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, पहिलं नाव नाही, हे मला नीट माहीत होतं. तरी ते माहीत असणं त्या क्षणी उपयोगी पडलं नाही.

वर आधाराला इतर संशोधकही होते. याच सुताराचे वंशवृक्ष सात जणांनी ऑनलाइन लावलेले आणि सातही ठिकाणी बायकोचं नाव जोडनाव करून टाकलेलं, पहिलं एक आणि दुसरं दुसरं. सात जण म्हणतात म्हणजे असेल, असं मी धरलं. पुढे बघितलं तर पहिल्याने तर्क केला होता आणि बाकीच्या सहांनी तो उतरवून घेतला होता. आठवी मी.

मग वय जुळेना. १८६२ च्या दाखल्यावर नवरीच्या वयाच्या रकान्यात नुसतं "सज्ञान" लिहिलेलं, म्हणजे २१ किंवा त्याहून जास्त. १८८१ च्या जनगणनेत सुताराच्या बायकोचं वय ३०. हिशेबाने तिचं लग्न अकराव्या वर्षी झालं असावं लागतं. त्यालाही माझ्याकडे उत्तर तयार होतं. जनगणनेच्या पानांत दर दहा वर्षांनी सात वर्षांनीच मोठ्या होणाऱ्या बायका पुष्कळ भेटतात. शिवाय आकडेमोड करणाऱ्या लंडनच्या कारकुनांनी वयांवरून पेन्सिलीच्या रेघा ओढलेल्या असतात, त्यांत तीनाचा आठ होतो आणि चाराचा काहीही होतो. आपल्याला जे मानायचंय ते मानायला कागद भरपूर जागा देतो.

१८८१ वरून आठवलं. इंग्लंडातली गणना ३ एप्रिलच्या रात्रीची, आणि हिंदुस्थानातली पहिली एकाच वेळी झालेली देशव्यापी जनगणना त्याच वर्षीची, १७ फेब्रुवारीच्या रात्रीची. म्हणजे सासूबाईंची पणजी आणि माझी पणजी सहा-सात आठवड्यांच्या अंतराने एकाच राज्यकर्त्यांच्या वहीत मोजल्या गेल्या असणार. हिच्या घराची ओळ मी रात्री अकरा वाजता पलंगावर बसून वाचू शकते. माझ्या पणजीचं घर छापील तक्त्यातल्या कुठल्यातरी बेरजेत आहे. आपल्याकडे अजूनही कुणा एकाच्या घरचा कागद बघायला मिळत नाही, १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने ते दप्तर बंद ठेवलंय. त्याला कारणं आहेत आणि ती चांगली आहेत. तरी हेवा वाटतो.

सगळ्यात जास्त छळलं ते १८७१ ने. सुतार गावात होता, १८६१ ला होता, १८८१ ला होता, मधल्या जनगणनेत घरच नाही. पाने खासगी कंपन्यांनी आणि स्वयंसेवकांनी वाचून टंकलेली असतात, आडनावाचं पहिलं अक्षर चुकीचं वाचलं गेलं की ते कुटुंब आपल्यापुरतं गडप. शेवटी आडनाव सोडूनच दिलं. जन्मगाव आणि मोठ्या मुलीचं पहिलं नाव एवढंच टाकलं, आणि पान उघडलं.

ओळी पाच होत्या. पहिली, कुटुंबप्रमुख, वय ३५, सुतार, विधुर. त्याच्याखाली मुलगी ८, मुलगा ५ आणि मुलगी ५ महिन्यांची. पाचव्या ओळीत एक बाई, अविवाहित, २३ वर्षांची, कामाच्या रकान्यात "हाउसकीपर". नात्याच्या रकान्यात "सिस्टर इन लॉ". तिचं पहिलं नाव म्हणजे आजीच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव.

ते "विधुर" मी चार वेळा वाचलं. मग ती पाच महिन्यांची.

इंग्रजीतलं "सिस्टर इन लॉ" हे फार सोयीचं गाठोडं आहे. वहिनी, नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी, सगळ्या त्यात मावतात. पण आडनाव बघितलं तेव्हा शंका उरली नाही. ही सुताराची मेहुणी, गेलेल्या बायकोची पाठची बहीण. आणि त्या तीन मुलांची, इंग्रजीत "आंट", मराठीत मावशी. आठ वर्षांच्या मुलीला तिची मावशी मावशी म्हणूनच माहीत होती. पुढे बापाशी लग्न झालं म्हणून जिभेचं वळण बदलत नाही. दर नाताळात हसण्यावारी गेलेली गोष्ट माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होती, खाली रेघ मारलेली.

थोरलीचा, म्हणजे सुताराच्या पहिल्या बायकोचा, मृत्यूदाखला मागवला. १८७० चा नोव्हेंबर, बाळंतपणानंतरचा ताप. एका रकान्यात मृत्यूची खबर देणाऱ्याचं नाव असतं. तिथे धाकटीचं नाव, "मृत्यूसमयी हजर", आणि सहीच्या जागी तिची निशाणी, एक फुली.

आता लग्न. बायको गेलेल्या माणसाने मेहुणीशी लग्न करावं, मुलांना मावशीच आई म्हणून मिळावी, हे आपल्याकडच्या जुन्या घरांमध्ये इतकं घडलेलं आहे की मला त्यात गोष्टच दिसेना. मग हे लग्न सफोकच्या खंडात का नाही? उत्तर कायद्यात होतं. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यापासून मृत पत्नीच्या बहिणीशी केलेलं लग्न मुळातच रद्दबातल होतं. नवरा-बायको लग्नाने एक झाले, तेव्हा तिची बहीण ती त्याची बहीण, अशी चर्चची धारणा. चुलत बहिणीशी लग्न मात्र खुशाल चालायचं, खुद्द व्हिक्टोरिया राणीचा नवरा तिचा मामेभाऊ होता. मेहुणीला मोकळीक देणारं विधेयक संसदेत वर्षानुवर्षं येत राहिलं, पडत राहिलं, आणि मंजूर झालं १९०७ साली. बाईला गेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न करायची मुभा मिळायला आणखी चौदा वर्षं लागली, १९२१. आधी बिजवरांची सोय झाली, मग विधवांची. असो.

कायदा असा असल्यावर गावच्या चर्चमध्ये जाऊन उपयोग नव्हता. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो, कुणाची हरकत असेल तर उठून सांगा म्हणून. गावात अख्खं चर्च उठलं असतं. ज्यांना कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं, म्हणजे लंडन. मी "४ए" सोडून "१सी" खंड उघडला, लंडनच्या पूर्व भागाचा. सुताराच्या नावाचे नवरे ढिगाने, पण १८७३ च्या शेवटच्या तिमाहीत एका पानावर तो आणि धाकटी, दोघं.

लंडनच्या बऱ्याच चर्चांच्या वह्यांची छायाचित्रं ऑनलाइन आहेत, आणि ती बघायलाच हवीत, कारण सरकारी दाखला ही नक्कल असते. खऱ्या सह्या चर्चच्या वहीत. तो विधुर, ती अविवाहित. दोघांचे पत्ते एकाच रस्त्यावरचे, बहुधा तात्पुरत्या खोल्यांचे. नवरा-नवरीचं आधीचं नातं काय, असा रकानाच त्या कागदावर नाही, म्हणजे दोघांपैकी कुणीही त्यावर खोटं लिहिलेलं नाही. सुताराची सही ठसठशीत. तिची फुली, पण तीन वर्षांपूर्वीच्या फुलीपेक्षा मोठी. की मलाच तसं वाटलं.

मार्चमध्ये मी एकटीच तिथे जाऊन आले. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात उतरले आणि चालत गेले. ते स्थानक १८७४ चं, म्हणजे ही दोघं गेली तेव्हा पूर्वेकडच्या गाड्या अजून बिशप्सगेटला जात होत्या. चर्च बंद होतं. पायरीवर एक माणूस सँडविच खात बसला होता. त्याच्या शेजारी पाच मिनिटं बसले आणि परत आले. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घरी दोन्ही लग्नांचे दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, १८६२ चा आणि १८७३ चा. नवऱ्याच्या बापाचं नाव एकच, ते असायचंच. नवरीच्या बापाचंही नाव एकच, धंदा एकच, शेतमजूर. दोघी बहिणी असल्याचा पुरावा त्या एका रकान्यात पहिल्यापासून बसलेला होता. मी १८६२ चा दाखला आला तेव्हा नवरीचं नाव बघितलं, तारीख बघितली, आणि बापाच्या रकान्यावरून नजर नुसती फिरवली होती.

आईचा रकाना नव्हताच. इंग्लंड आणि वेल्समधल्या लग्नाच्या दाखल्यावर आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडला, १८३७ पासून. आमचं लग्न त्याआधीचं. इथेच नोंदवलेलं, त्यामुळे आमच्या दाखल्यावर माझ्या बाबांचं नाव आणि त्यांचा हुद्दा आहे. आईचं नाव खाली आहे, कारण साक्षीदार म्हणून तिने सही केली. उद्या कुणी शोधायला बसलं तर आमच्या घरात तिच्या नावाची कुणी मैत्रीण होती, असं धरून पुढे जाईल.

मग थोरली-धाकटीची आई कुठे भेटली? १८५१ च्या जनगणनेत, ३० मार्चच्या रात्री. शेतमजूर, त्याची बायको, आणि मुलं. त्यात एक ओळ थोरलीची, वय ११, आणि तीन ओळी सोडून धाकटीची, वय ३. दोन नावं, दोन ओळी, एक घर. हे पान मी पहिल्या महिन्यात काढलं असतं तर एका बाईला दोन नावं चिकटवायचा प्रश्नच आला नसता. आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं म्हणून ते शोधात येत नव्हतं, ही माझी सबब. खरं तर मी ते नीट शोधलंच नव्हतं, मला उत्तर आधीच मिळालेलं होतं ना.

सासूबाईंना कसं सांगायचं, याचा मी आठवडाभर विचार केला. त्यांच्या आजीचा जन्म १८७९ चा. त्या वेळच्या कायद्याच्या नजरेत तिच्या आईवडिलांचं लग्न झालेलंच नव्हतं, आणि अशा मुलांसाठी इंग्रजीत जो शब्द होता तो चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईसमोर तिच्या आजीबद्दल उच्चारावा, असा नाही. नवरा म्हणाला, "आईला सांग, तिला काही वाटणार नाही." मुलग्यांना आईबद्दल असं नेहमीच वाटत असतं.

सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "गावात कळलं असेल?"

कळलंच असणार. सुतारकाम काही लंडनहून करता येत नाही. दोघं परत आली आणि त्याच गावात, बहुधा त्याच घरात राहिली, पाच मुलं झाली. १८८१ च्या ओळीत प्रगणकाने कसलीही कुरकुर न करता "वाइफ" लिहिलंय. त्याला काय माहीत होतं आणि त्याने काय न विचारलं, ते त्या एका शब्दात मावलंय. आणि १९०७ चा कायदा मागच्या लग्नांनाही लागू होता. म्हणजे आजी अठ्ठावीस वर्षांची असताना संसदेने तिच्या आईवडिलांचं लग्न लावून दिलं.

यावर सासूबाई खळखळून हसल्या. "चहा टाक," म्हणाल्या, "आणि तो शेवटचा कागद दाखव."

शेवटचा म्हणजे १९११ चा, २ एप्रिलचा. आधीच्या जनगणनांत घरच्यांनी भरलेले कागद प्रगणक वहीत उतरवून घ्यायचा, आणि मूळ कागद नष्ट व्हायचे. १९११ चे मात्र मूळ कागदच राहिलेत, ज्याच्या-त्याच्या हस्ताक्षरातले. याच कागदांवर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कितीतरी बायकांनी बहिष्कार टाकला. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन तर त्या रात्री संसदेच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून बसली होती, राहण्याचा पत्ता संसद असा नोंदला जावा म्हणून. आमचे सुतार त्या भानगडीत नव्हते. पंचाहत्तरीतल्या माणसाने शाईने, सावकाश, रेघेवर भरलेला फॉर्म. या जनगणनेत पहिल्यांदाच विवाहित बायकांच्या ओळीत विचारलं होतं : या लग्नाला किती वर्षं पूर्ण झाली, या लग्नापासून मुलं किती झाली, किती हयात, किती वारली.

धाकटीच्या ओळीत लग्नाची वर्षं ३७. बरोबर.

पुढच्या रकान्यात त्याने आधी ८ लिहिलंय. मग त्यावर एक सरळ रेघ, आणि शेजारी ५. हयात ६, खोडून ४. वारलेली २, खोडून १. शाई तीच, हात तोच. कारकुनाची दुरुस्ती नाही.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला लागेल इतक्या जवळ गेल्या. मग मागे टेकून आजीच्या तोंडून ऐकलेल्या भावंडांची नावं बोटांवर मोजायला लागल्या. आजीला धरून आठ झाली. मधे एक नाव पुढे-मागे झालं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली.